शेणाची बाजू

महाराष्ट्राला राज्यप्राणी आहे, तो शेकरू. राज्यपक्षी हरियाल, राज्यफूल तामण, राज्यवृक्ष आंबा. 2015 मध्ये ब्लू मॉर्मन नावाच्या फुलपाखराला राज्याचा मान मिळाला, 2020 मध्ये कांदळवनातल्या पांढऱ्या चिप्पीला मिळाला आणि 2023 मध्ये पापलेट राज्यमासा झाला. सरकारी गौरव झाल्यानंतरही रवा लावून तळला जाणारा मानकरी हा एवढाच. म्हणजे जित्याजागत्यांची सोय लागली, मेलेल्यांकडे मात्र कोणाचे लक्ष गेलेले नाही. राज्य-जीवाश्माची जागा आपल्याकडे रिकामी आहे. अमेरिकेत ही जागा भरायची रीत जुनी आहे: कोलोरॅडोने स्टेगोसॉरस घेतला, युटाने अॅलोसॉरस घेतला, मोंटानाने मायासॉरा घेतला. मॅसॅच्युसेट्सकडे दाखवण्यासारखी हाडे नव्हती, तर त्यांनी डायनासोरच्या पावलांचे ठसे घेतले आणि मान ताठ ठेवली. आपणही आता उमेदवार ठरवायला हवा. या जागेसाठी चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुरा गावाच्या शेतांत मिळणाऱ्या, दगड झालेल्या शेणाचे नाव सुचवावे, यासाठी हा लेखप्रपंच.

हा प्रस्ताव पनवेलहून का यावा, असे कोणी विचारील. उत्तर असे की पनवेलला यात काही मिळायचे नाही. इथे ना डायनासोरचे हाड, ना शेण. आणि ज्याचे दोन्ही पक्षांशी नाते नाही त्यालाच आपण पंच नेमतो. खरे तर पनवेलवरून न गेलेला प्राणी हुडकूनच काढावा लागेल. कोकणात जाणारा, पुण्याला जाणारा, उरणच्या बंदरात कंटेनर नेणारा, गणपतीला गावी पोचायच्या आशेने आदल्या रात्री निघून सकाळी इथेच उजाडलेला, सगळ्यांची वाट पनवेलवरूनच. डायनासोरांनी तेवढा हा मार्ग धरला नाही. धरला असेल तर त्यांची पावले खाली राहिली आणि वर लाव्हा आला.

जीवाश्म शोधणाऱ्याची आणि डोंगराची पत्रिका जुळवायची तर तीन गोष्टी बघतात: वय, गोत्र आणि अंगावर झाडझाडोरा किती. पनवेलचे वय छान जुळते. दख्खनचा लाव्हा सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी ओतला गेला, म्हणजे डायनासोरांच्या अगदी अखेरच्या दिवसांत. पावसाळा सोडला तर उघडेवाघडेपणाही पुरेसा आहे. प्रबळगडाचे कडे, कलावंतिणीचा सुळका, कर्नाळ्याचा आभाळात रोवलेला अंगठा, सगळे सिनेमात शोभेल असे. मागून एखादा डायनासोर डोकावला तर देखावा पूर्ण होईल असे वाटायला लावणारे हे डोंगर आहेत. पण गोत्र आडवे येते. हाड टिकते ते गाळात, चिखलात, नदीच्या वाळूत, जिथे ते चटकन झाकले जाते आणि मग लाखो वर्षे सावकाश त्याचा दगड होतो. आपला काळा पाषाण हा अग्निजन्य. हजार-अकराशे अंश तापलेल्या लाव्ह्यात हाड पडले तर दहनापासून रक्षाविसर्जनापर्यंतचे सगळे विधी तिथल्या तिथे उरकतात. नव्या विमानतळासाठी उलव्याची टेकडी सुरुंग लावून कापली, तेव्हा खडकाचे असे काही पोट उघडे पडले की एखाद्या भूशास्त्रज्ञाने आयुष्यभर मागूनही मिळाले नसते. त्यातून डायनासोर निघायचा मात्र प्रश्नच नव्हता. त्याच्या काळातला गाळ असेलच, तर तो त्या लाव्ह्याच्या थरांखाली निदान किलोमीटरभर खोल असणार. तिथवर सुरुंग न्यायचा तर विमानतळाऐवजी विहीर झाली असती.

भूशास्त्रात पनवेलचे नाव नाही असे मात्र कोणी म्हणू नये. जे. बी. ऑडन या भूशास्त्रज्ञांनी 1949 च्या एका निबंधात इथल्या खडकांच्या बाकाची दखल घेतली आणि तेव्हापासून जगभरचे अभ्यासक त्याला ‘पनवेल फ्लेक्शर’ म्हणतात. घाटावर जवळजवळ आडवे पडलेले लाव्ह्याचे थर पनवेलच्या पट्ट्यात येताच पश्चिमेला, समुद्राकडे, कलंडतात. घाटावरून येणाऱ्या प्रत्येकाचा कल मुंबईकडे असतो, त्यातून खडकही सुटलेले नाहीत. शिवाय इथल्या टेकड्यांवर कातळ झिजताना थराथराने साल सुटते आणि आत गोल गरगरीत धोंडे उरतात. ते पाहून डायनासोरची अंडी सापडल्याची बातमी कुणाच्याही मनात तयार होऊ शकते. ती मनातच ठेवावी. शेजारच्या मुंबईचीही गत वेगळी नाही. वरळीच्या टेकडीत लाव्ह्याच्या दोन थरांमधल्या गाळात जीवाश्म सापडले, त्यांचे वर्णन 1847 मध्ये रिचर्ड ओवेन यांनी केले. डायनासोर हे नाव 1842 मध्ये जगाला ज्यांनी दिले तेच हे ओवेन. त्यांच्या टेबलावर मुंबईने काय पाठवावे, तर बेडूक! तोही डायनासोर गेल्यानंतरच्या गाळातला. मुंबईला उशीर लोकलमुळेच होतो असे समजणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

तेव्हा डोंगर जितका रांगडा तितके त्यात डायनासोर जास्त, ही समजूत पहिल्यांदा मोडायला हवी. ती परदेशी चित्रांनी करून दिलेली आहे. कॅनडातला अल्बर्टा, अमेरिकेतले मोंटाना, तिथली गवताचे पातेही नसलेली, पावसाने खरवडून काढलेली घळीघळींची माळराने, टोपी घातलेला माणूस, हातात कुंचला आणि पायाशी अख्खा सांगाडा. तिथे ते खरे आहे, कारण तिथल्या घळी योग्य वयाच्या चिखलात आणि वाळूत कोरलेल्या आहेत. घळी आपल्याकडेही आहेत. भुसावळच्या बाजूला तापीकाठी गाळात अशी काही चिरफाड झाली आहे की चंबळच्या डाकूंना घरी आल्यासारखे वाटेल. पण तो गाळ काल-परवाचा. त्यात मिळालाच तर एखादा जुना हत्ती मिळेल. आपला खरा डायनासोर-प्रदेश बघायला जाल तर तुमची घोर निराशा होईल, कारण ते एक शेत आहे. आनंदवनामुळे जो वरोरा तालुका सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे, त्याच तालुक्यात पिसदुरा आणि डोंगरगाव आहेत. तिथे लाव्ह्याच्या खालचा, भूशास्त्रज्ञ ज्याला लमेटा म्हणतात तो थर वर आलेला आहे. कडा नाही, सुळका नाही, दरी नाही. तांबूस माती, बांध, बाभळी, आणि इकडे कोण फिरतंय म्हणून बांधावरून बघणारा मालक.

अशा शेतातला शोधाचा दिवस सिनेमासारखा जात नाही. खणायचे नसते; खणण्याचे काम नांगराने आणि पावसाने आधीच करून ठेवलेले असते. मान खाली घालून, तासातासाने, नजर मातीवर ठेवून चालायचे, एवढेच काम. विदर्भातल्या उन्हाचे इथे वेगळे वर्णन करायला नको. चंद्रपूरचे तापमान वर्तमानपत्रांत जिथे छापतात तिथली शाईसुद्धा कोरडी वाटते. सकाळी आठ वाजता प्रत्येक दगड हाड दिसतो. दहा वाजता एकही दिसत नाही. बारानंतर दगडच दिसेनासे होतात आणि डोळ्यांपुढे फक्त पाण्याची बाटली उरते. संशयित तुकडा हाती आलाच तर त्याची जुनी परीक्षा आहे: जिभेला लावायचा. हाडाला बारीक छिद्रे असतात, म्हणून ते जिभेला चिकटते. साधा दगड चिकटत नाही. ही परीक्षा जगभर चालते. पिसदुऱ्यात मात्र ती करण्याआधी डोळ्यांनी नीट खात्री करून घ्यावी, कारण तिथे हाडापेक्षा दुसरी वस्तू जास्त मिळते.

ती वस्तू हातात घेऊन बघण्यासारखी आहे. करड्या-तपकिरी रंगाचा, वजनदार, लांबट गोळा; मोठ्यात मोठे असतात त्यांची जाडी 10 सेंटिमीटरच्या घरात. कशावर आडव्या वळ्या, कशावर सुकताना पडल्यासारख्या भेगा. वास अर्थातच नाही, तो जाऊन साडेसहा कोटी वर्षे झाली. नागपूरला मिशनरी म्हणून आलेल्या स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला या भागातले जीवाश्म जगाला कळवले. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज यांच्याच नावाचे. पुढे सी. ए. मॅटली या इंग्रज भूशास्त्रज्ञांनी या गोळ्यांची आकाराप्रमाणे वर्गवारी केली आणि 1939 मध्ये त्यावर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नियतकालिकात रीतसर निबंध लिहिला. युरोपात महायुद्धाचे ढग दाटत होते आणि इकडे एक विद्वान गृहस्थ वरोऱ्याच्या शेणाला अ, ब, क असे गट पाडून देत होता. माणुसकीवर विश्वास बसावा असे प्रसंग इतिहासात थोडेच असतात.

आता हाडांचा पक्ष ऐकून घेऊ, कारण त्यांचा दरारा मोठा आहे. भारतातल्या डायनासोरच्या हाडांची कथा सुरू होते 1828 मध्ये, जबलपूरच्या बडा सिमला टेकडीवर, कॅप्टन स्लीमन यांच्या हाती. ठगांचा बंदोबस्त करणारे ते हेच स्लीमन. त्यांना सापडले शेपटीचे दोन मणके. ते हस्ते परहस्ते कलकत्त्याला गेले, 1877 मध्ये रिचर्ड लिडेकर यांनी त्यांना टायटॅनोसॉरस इंडिकस असे भारदस्त नाव दिले आणि त्यानंतर मणके हरवले. ज्याने ठग शोधून काढले त्याचे हाड सरकारी कपाटात कोणाला शोधता येईना. 2012 मध्ये भूशास्त्रज्ञ धनंजय मोहबे यांना ते कोलकात्याच्या संग्रहातच मिळाले. फाइल गहाळ आहे असे ऐकून हताश झालेल्या सर्व नागरिकांनी यातून धीर घ्यावा. कपाट तेच असते, काळ जायला हवा. दुसरे मोठे नाव बारापासॉरस टागोरी. गोदावरीच्या खोऱ्यात, आपल्या सिरोंच्याच्या पलीकडच्या अंगाला, 1960 च्या सुमारास याची सुमारे तीनशे हाडे निघाली. मांडीचे एकच हाड दीड मीटरहून लांब. रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीचे वर्ष जवळ होते म्हणून त्यांचे नाव दिले. तीनशे हाडांत डोके मात्र नव्हते, आजही नाही. महाकवीच्या नावाचा प्राणी आणि बिनडोक, हा अपमान कोणी हेतुपुरस्सर केलेला नाही, पण झाला खरा. या हाडांचा सांगाडा उभा आहे कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये. संख्याशास्त्राच्या संस्थेत डायनासोर काय करतो, तर संस्थापक महालनोबिसांना भूशास्त्रही हवे होते आणि त्यांना हवे ते होत असे. आपल्या डोंगरगावला त्याच संस्थेने 1980 च्या दशकात एक टायटॅनोसॉर खणून काढला. 1997 मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले, आणि 2003 पासून तो आयसिसॉरस म्हणून ओळखला जातो. त्या नावातही संस्थेचीच आद्याक्षरे. डोंगरगावचे नाव कुठेच लागले नाही. जमीन आमची, हाडे आमची, पाटी त्यांची.

हाडांचा आणखी एक दोष असा की ती दिसतात तशी असतीलच याची हमी नसते. गुजरातेतल्या ढोली डुंगरी इथे मोहबे यांनाच 1980 च्या दशकात डायनासोरचे घरटे मिळाले: अंडी, आणि शेजारी बारीक हाडे. 1987 मध्ये ती डायनासोरच्या पिल्लाची म्हणून प्रसिद्ध झाली. 2001 मध्ये अमेरिकी अभ्यासक जेफ विल्सन यांनी तो दगड पाहिला आणि त्यातली काही हाडे त्यांना वेगळी वाटली. शेवटी, 2010 मध्ये, निष्कर्ष छापून आला: घरट्यात पिल्लू होते हे खरे, पण त्याला वेढा घालून साडेतीन मीटरांचा सापही होता, पिल्लू गिळायला आलेला. दोघेही एकाच क्षणी चिखलाखाली गाडले गेले. तेवीस वर्षे बाळाच्या खोलीत साप होता आणि आपण बारशाचे पेढे वाटत होतो. मोहबे यांनी हे स्वतःच्या नावाने जगापुढे मांडले, याबद्दल त्यांना मानायला हवे. आपल्याकडे चूक दुरुस्त करणाऱ्यापेक्षा चूक फ्रेम करून लावणारे अधिक.

हाड फार तर सांगते की हा प्राणी कोण होता आणि केवढा होता. तो काय करत होता, कशावर जगत होता, कुठल्या झाडाखाली उभा होता, हे त्याने ज्या वस्तूत लिहून ठेवले ती वस्तू आपण पायाखाली तुडवतो. 2005 मध्ये लखनऊच्या बिरबल साहनी संस्थेतल्या वंदना प्रसाद, स्वीडनमध्ये काम करणाऱ्या कॅरोलिन स्ट्रॉमबर्ग, चंडीगढचे अशोक साहनी आणि त्यांचे सहकारी यांनी पिसदुऱ्याच्या शेणाचा बारीक चुरा आम्लात विरघळवून सूक्ष्मदर्शकाखाली धरला. वनस्पती जमिनीतून सिलिका शोषून घेतात आणि तिचे अतिसूक्ष्म, ठराविक आकाराचे कण पेशींत साठवतात. गवताचे पाते बोटाला कापते ते याच सिलिकेच्या जोरावर. पाते कुजते, पचते, नाहीसे होते, कण राहतो. आणि कुठल्या वनस्पतीचा कण कसा असतो हे जाणकार ओळखतात. त्या शेणात शंकूधारी वृक्ष, ताडकुळातली झाडे, इतर फुलझाडे यांच्या खुणा होत्या, त्याचे कोणाला आश्चर्य वाटले नाही. आश्चर्य वाटले ते गवताचे. निदान पाच प्रकारच्या गवतांचे कण निघाले. तोवर खात्रीचे सर्वात जुने गवत साडेपाच कोटी वर्षांच्या आसपासचे मानले जाई, म्हणजे डायनासोर आटोपल्यानंतर कोटभर वर्षांनी. डायनासोरांच्या चित्रांत पायाखाली गवत काढणारा चित्रकार अडाणी ठरत असे. ‘सायन्स’ या नियतकालिकात तो निबंध छापून आला आणि जगभरच्या अडाणी चित्रकारांची एका दिवसात निर्दोष सुटका झाली. हे काम एका हाडाने केलेले नाही.

बरे, गोष्ट गवतावर थांबली नाही. 2011 मध्ये याच गटाने, नव्या सहकाऱ्यांसह, असे मांडले की त्या कणांतले काही भाताच्या कुळातले आहेत. भाताच्या घराण्याचा उगम डायनासोरांच्या काळापर्यंत मागे जातो. इथे पनवेलकर पंचाचा निःपक्षपातीपणा जरा डळमळतो, हे मान्य करायला हवे. रायगड जिल्ह्याला भाताचे कोठार म्हणायचे दिवस फार जुने नाहीत. पनवेल तालुक्यातली खाचरे आता प्लॉट झाली, प्लॉटचे टॉवर झाले, आणि टॉवरना नावे मिळाली ग्रीन अमुक आणि पॅडी तमुक अशी. भाताला बिल्डरांनी गिळले अशी ज्यांची तक्रार आहे त्यांना आता जास्त जुन्या गिऱ्हाइकाचे नाव सांगता येईल. फरक एवढाच की डायनासोरांनी गिळले त्याचा हिशोब मागे ठेवला.

शेणाविरुद्धचे आक्षेप थोडे नाहीत, आणि सगळे टाकाऊही नाहीत. पहिला आक्षेप वजनदार आहे: हे डायनासोरचेच कशावरून? प्राणी शेणावर सही करत नाही. पिसदुऱ्याच्या थरात टायटॅनोसॉरची हाडे मिळतात तशीच कासवेही मिळतात आणि माडत्सोइया पिसदुरेन्सिस नावाचा भला थोरला सापही. शिवाय अनेक हत्तींच्या वजनाच्या जनावराने अवघ्या 10 सेंटिमीटर जाडीचा गोळा टाकावा, हे बघणाऱ्याला पटत नाही. हत्तीची लीदही त्याहून जाड असते. यावर उत्तर आहे. जनावराच्या आकारावरून लेंडीचा आकार ठरत नाही, हे उंटामागून चाललेल्या कोणालाही ठाऊक असते. एवढा उंच प्राणी आणि लेंड्या बोराएवढ्या. आतला माल सगळा वनस्पतींचा, त्यामुळे साप आपोआप बाद होतो. मोठ्या गोळ्यांचा मालक म्हणून टायटॅनोसॉरकडे बोट जाते ते त्या परिसरात तोच मोठा शाकाहारी होता म्हणून. हा परिस्थितिजन्य पुरावा झाला, प्रत्यक्षदर्शी साक्षीदार नाही. पण न्यायालये परिस्थितिजन्य पुराव्यावर माणसांना जन्मठेप देतात. इथे तर फक्त मानपत्र द्यायचे आहे. आणि समजा उद्या सिद्ध झाले की काही गोळे दुसऱ्याच कोणाचे होते, तरी गवताचे वय बदलत नाही. खाणारा कोणीही असो, ताटात गवत होते.

दुसरा आक्षेप शेजारच्या शेतातून येतो. पिसदुऱ्याला आज पिके आहेत, गवत आहे. त्यांचेच कण भेगांतून आत गेले नसतील कशावरून? शंका रास्त आहे, कारण चंद्रपुरात भातही पिकतो. म्हणूनच नमुना सालीचा न घेता गाभ्याचा घ्यायचा असतो. आणि मिळालेले आकार आजच्या कुठल्याही एका गवताशी तंतोतंत जुळले असते तर शंकेला बळ आले असते. तसे जुळले नाहीत. त्यांना नवी नावे द्यावी लागली, त्यांतल्या एकावर मॅटली साहेबांचे नाव आहे. शेणाचे गट पाडणाऱ्या माणसाचे नाव शेवटी शेणातल्या गवताला लागले. याहून न्याय्य स्मारक सुचत नाही. गवत डायनासोरांच्या आहारात थोडेच होते, मुख्य खाणे झाडपाल्याचेच, असेही संशोधकांनी स्वच्छ लिहिले आहे. म्हणजे डायनासोर गाईसारखे कुरणात चरत होते असा अर्थ कोणी काढू नये. काढणारे काढतीलच, डायनासोर शुद्ध शाकाहारी होते आणि त्यांचे शेण औषधी आहे, असा संदेश पहाटे पाच वाजता फिरायला लागण्याचा धोका या विषयाला कायमचा आहे.

तिसरा आक्षेप प्रतिष्ठेचा. राज्याच्या बोधचिन्हावर शेण कसे दाखवायचे, शाळेतल्या पोरांनी काय म्हणायचे? हा प्रश्न महाराष्ट्रात विचारला जावा याचीच गंमत वाटते. पिढ्यान्‌पिढ्या आपण शेणाने अंगण सारवले, त्यावर रांगोळी काढली, गोवऱ्या थापल्या, त्यांवर भाकरी भाजली. पोरांना पहिली गोष्ट सांगितली ती काऊचे घर शेणाचे आणि चिऊचे घर मेणाचे. पाऊस आला आणि काऊचे घर वाहून गेले. त्या गोष्टीने शेणावर पिढ्यान्‌पिढ्या अन्याय केला. पिसदुऱ्याच्या शेणाने साडेसहा कोटी पावसाळे काढले, त्यात दख्खनच्या लाव्ह्याचा वर्षाव आला, आणि ते जागेवर आहे. मेणाचे काय झाले ते चिऊने सांगावे. जगाकडे पाहिले तर शास्त्राच्या घरातही ही शरम कोणी बाळगलेली नाही. 1824 मध्ये मेगॅलोसॉरसचे वर्णन करून पहिल्या डायनासोरला शास्त्रीय नाव देणारे विल्यम बकलँड हे ऑक्सफर्डचे प्राध्यापक आणि पाद्री. पाचच वर्षांनी, 1829 मध्ये, याच गृहस्थांनी दगड झालेल्या शेणाला शास्त्रात जागा मिळवून दिली. लाइम रीजिसच्या किनाऱ्यावर जीवाश्म वेचणाऱ्या मेरी अॅनिंगला प्राण्यांच्या सांगाड्यांत पोटाच्या जागी जे खडे दिसत होते, त्यांचा अर्थ त्यातून लागला. एवढ्यावर न थांबता बकलँडनी असे जीवाश्म कापून, घासून, चकचकीत करून एका मेजाच्या पृष्ठभागावर जडवून घेतले. ते मेज लाइम रीजिसच्या संग्रहालयात आहे. हाड आणि शेण यांत उच्चनीच भेद त्या माणसाने केला नाही, मग आपण का करावा?

राहता राहिला चौथा आक्षेप, देवाधर्माचा. तो शेणापेक्षा अंड्यांच्या वाट्याला आला आहे. मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यात पाडल्या गावी काही घराणी दगडाचे गोळे शेताचे आणि गुराढोरांचे राखणदार म्हणून पिढ्यान्‌पिढ्या पूजत होती. 2023 मध्ये तज्ज्ञांनी पाहिले तेव्हा ती डायनासोरची अंडी निघाली. यावर शहरातल्या लोकांनी हसून घेतले. हसण्यासारखे त्यात एवढेच आहे की त्या गावकऱ्यांनी अंडी जपली आणि शहाण्यांनी मणके हरवले. पिसदुऱ्याच्या गोळ्यांना अजून कोणी शेंदूर लावलेला नाही. लावला तर ते निदान जागेवर राहतील, नुसत्या हौशी लोकांच्या दिवाणखान्यात जाणार नाहीत. खरा धोका तोच आहे. शेतातून उचललेला गोळा कुठल्या थरात होता, शेजारी काय होते, हे कळेनासे झाले की तो शास्त्राच्या कामाचा राहत नाही. मग त्याने कागद दाबायचे किंवा पाहुण्यांना ओळखायला लावायचे, एवढेच.

तेव्हा सरकारने घोषणा केव्हा करायची ती करो. पनवेलहून वरोरा साधारण आठशे किलोमीटर आहे. जाणाऱ्याने पेरणीच्या आधी जावे, उन्हाची तयारी ठेवावी, आणि कुणाच्याही शेतात पाऊल टाकण्याआधी मालकाला विचारावे. गोळा दिसला तर बघावा, शेजारी पेन ठेवून फोटो काढावा, जागा लिहून घ्यावी आणि तो होता तिथेच ठेवून नागपूरच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कार्यालयाला कळवावे. जिभेला लावू नये.